भोर-वेल्हे परिसर आणि प्राचीन संस्कृतीचा पदव्युत्तर अभ्यास

भोर आणि वेल्हे ही नावे उच्चारताच अभ्यासकापुढे राजगड, तोरणा, रोहिडा व रायरेश्वर उभे राहतात. बखरी, महजर व देशमुखी कागद यांनी हा मुलूख इतका व्यापला आहे की, सतराव्या शतकापूर्वीही येथे काही घडले असावे, हे सहसा ध्यानात येत नाही. प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊन पदव्युत्तर पदवी मिळवू पाहणारा पुण्याचा विद्यार्थी अजिंठा-वेरूळकडे धाव घेतो आणि जवळचे हे खोरे मराठेशाहीच्या अभ्यासकांस सोडून देतो.

वास्तविक राष्ट्रकूट इतिहासातील एक अवघड गाठ सोडविणारा लेख भोर संस्थानच्या संग्रहालयातील आहे. पहिल्या कृष्णानंतर त्याचा पुत्र दुसरा गोविंद गादीवर आला. पुढे त्याचा धाकटा भाऊ ध्रुव याने त्यास दूर सारून राज्य घेतले. हे केव्हा घडले? पिंपरीच्या शके ६९७ मधील (इ. स. ७७५) ताम्रपटात दान देणारा ध्रुव आहे, तेवढ्यावरून सत्तांतर तेव्हाच झाले असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु शके ७०१ च्या धुळे ताम्रपटात अधिराज्य गोविंदाचेच दिसते. भोर संग्रहालयातील ताम्रपट शके ७०२ चा असून तो ध्रुवाचा आहे. सबब सत्तांतराचा काळ इ. स. ७८० च्या सुमारास येऊन ठरतो. दोन लेखांत अंतर एका वर्षाचे. तेव्हा शकवर्ष गत धरावे की वर्तमान, हा प्रश्नही येथे क्षुल्लक राहत नाही. संस्कृत, लिपिशास्त्र व कालगणना हे विषय अभ्यासक्रमात का असावेत, याचे उत्तर या एका ताम्रपटात आहे.

भोरचा वरंधा घाट व वेल्ह्याचा मढे घाट हे दोन्ही महाडच्या बाजूस उतरतात. महाडजवळील गांधारपाले येथील लेण्यांत कुमार काणभोज विष्णुपालित याचा प्राकृत लेख आहे. हे नाव वाचून ‘भोर’ हा शब्द ‘भोज’वरून साधण्याची इच्छा एखाद्या उत्साही विद्यार्थ्यास व्हावी, हे साहजिक आहे. परंतु प्राकृतात ‘भोज’चे ‘भोअ’ होते. ‘र’ कोठून आला, हे सांगितल्यावाचून ती व्युत्पत्ती उभी राहत नाही. घाटांचेही तसेच. वाट जुनी आहे, एवढ्यावरून ती सातवाहनकालीन ठरत नाही.

हा संयम ग्रंथालयात बसून अंगी येत नाही. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले, तेव्हा तेथे आलेले ह. धी. सांकळिया यांनी मुंबईस फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला होता. पुढे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मात्र एकेक जिल्हा किंवा नदीचे खोरे पायी हिंडावयास लावले. प्रबंधाची ही पद्धत कष्टाची, आणि पुष्कळदा पदवी लांबविणारीही. परंतु तिच्यावाचून पुरातत्त्व हे ऐकीव ज्ञानच राहते.

भोर तालुक्यात कांबरे येथे कांबरेश्वराचे देऊळ आहे. लोक त्यास पांडवांचे म्हणतात; ही कालनिश्चिती नव्हे, पुरातनत्वाची लोकभाषेतील खूण होय. त्याचे जोते, दगड व घडण मोजूनच काळ सांगावा लागेल. भाटघर धरणाच्या जलाशयात ते वर्षाचा बराच काळ बुडालेले असते. मोजणीस उन्हाळ्यातील थोडे दिवसच मिळतात. पुढे वेळवंडीचे पाणी चढू लागते.