खोटा दोनशे

सर्व्हरचा तीन आकडी निरोप महाजालाहून जुना. १९७० च्या दशकात फाइली पाठविण्याच्या एफटीपी पद्धतीत तो रुळला. टिम बर्नर्स-ली प्रभृतींनी तीच चाल उचलली, आणि १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये ती लेखी नोंदली गेली : २०० म्हणजे काम झाले, चाराने सुरू होणारा आकडा म्हणजे चूक मागणाऱ्याची, पाचाने सुरू होणारा म्हणजे चूक सर्व्हरची. दोष कोणाचा हे पहिल्याच आकड्यात कबूल करणे आम्हां चळवळीतल्या माणसांना फार मोलाचे वाटते. (मालकवर्गाला ही सवय अजून लागायची आहे!)

पुढे सजावटीच्या हौसेने घोटाळा केला. अपाची सर्व्हरच्या ‘एररडॉक्युमेंट’ ओळीत संपूर्ण पत्ता लिहिला, की मूळचा ४०४ जाऊन ३०२ निघतो; नुसता स्थानिक मार्ग लिहिला तर ४०४ टिकतो. २००४ साली आलेल्या एन्जिन-एक्समध्ये ‘एरर_पेज ५०० =२००’ एवढे लिहिले, की सर्व्हरची चूक चक्क यश म्हणून बाहेर पडते. माणूस पानावरची दिलगिरी वाचतो. यंत्र आकडाच वाचते.

सौंदडच्या आमच्या विडी कामगार बायांचे अर्ज एका कार्यालयाच्या सर्व्हरने असेच गिळले. अर्ज धाडणाऱ्या केंद्रातल्या संगणकाने २०० पाहून ‘पोचला’ अशी खूण केली, आणि खरे कळेतो मुदत टळली. आगगाडीच्या जुन्या हातवाल्या सिग्नलची तार तुटली, तर हात आपोआप ‘थांबा’वर येई, येथे तार तुटूनही ‘चला’च!

आम्ही मागणी केली ती नव्या पानाची नव्हे. त्या ओळीतले ‘=२००’ काढा, गर्दीत सर्व्हर बसला तर ५०३ द्या, आणि ‘रिट्राय-आफ्टर’मध्ये पुन्हा केव्हा यावे ते सांगा, एवढीच होती.