अठ्ठेचाळीस तास आणि त्यानंतरची तीन वर्षं

तर झालं असं, की जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी भाचा जेवायला येणार होता आणि आलाच नाही. ताईला फोन केला तर म्हणाली, "अगं, जॅममध्ये अडकलाय तो." मी पुण्याच्या रहदारीला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि आमटी झाकून ठेवली. सोमवारी संध्याकाळी तारवटलेले डोळे घेऊन साहेब उगवले तेव्हा कळलं, की ही जॅम वेगळी. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ एका हॉलमध्ये बसायचं, आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर कॉम्प्युटरचा एक खेळ पूर्ण करायचा, आणि मग बेशुद्ध पडल्यासारखं झोपायचं. त्याच्यासोबत त्याचे दोन मित्र होते.

इथवर ठीक होतं. पण गार आमटी ओरपता ओरपता त्याने मुद्दा काढला. पुढच्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय. तिथे खेळ बनवणाऱ्यांची सगळ्यात मोठी परिषद भरते, गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स, म्हणजे जीडीसी. तिकीट, व्हिसा, राहणं, प्रवेशाचा पास मिळून साडेतीन लाखाच्या घरात जातंय. "मावशी, उसने दे. दोन वर्षांत फेडतो. मोठमोठे इंडी खेळ जॅममधूनच तिथे पोचलेत, तू बघ हवं तर."

इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय एकट्या-दुकट्याने बनवलेले खेळ. (काकू आणि अण्णांसाठी लिहिलं. बाकीच्यांना माहीत असेलच.)

मी आठवड्याची मुदत मागून घेतली. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, पण जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे. "तू बघ हवं तर" म्हणाला ना, मग बघितलं. जे सापडलं ते इथे लिहितेय. ताई, तूही वाचशीलच.

पहिल्यांदा ही परिषद. १९८८ साली ख्रिस क्रॉफर्ड नावाच्या खेळ-लेखकाने सॅन होजेमधल्या आपल्या घरी पंचवीस-तीस समव्यवसायी मंडळींना बोलावलं. दिवाणखान्यात मावतील तेवढेच लोक. जीडीसीची सुरुवात एवढीच! पुढे ती वाढत वाढत हजारो लोकांची झाली. १९९९ पासून तिथे 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल' म्हणजे आयजीएफ भरू लागला, खास एकट्या-दुकट्यांसाठी. त्याच्या सर्वोच्च पारितोषिकाला शेमस मॅकनॅली या मुलाचं नाव आहे. २००० साली त्याच्या 'ट्रेड मार्क्स' या खेळाला ते पारितोषिक मिळालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो कॅन्सरने गेला. वय अवघं एकवीस. हे वाचून मी बराच वेळ पुढे काही वाचलं नाही.

आता जॅम. हा शब्द गवयांकडून आलेला. वादक ठरवून न ठरवल्यासारखे एकत्र बसतात आणि वाजवत सुटतात, ती जॅम. मार्च २००२ मध्ये ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांचे मित्र असे दहा-पंधरा प्रोग्रॅमर ऑकलंडमध्ये चार दिवस जमले. पडद्यावर एकाच वेळी एक लाख आकृत्या हलवू शकेल असा एक प्रोग्रॅम आधीच तयार ठेवला होता, आणि त्यावर प्रत्येकाने मनाला येईल तो विचित्र खेळ बनवायचा. डझनभर खेळ झाले. याला त्यांनी नाव दिलं 'इंडी गेम जॅम'. आणि ते खेळ मांडले कुठे? त्याच महिन्यात, जीडीसीमध्ये. जोनाथन ब्लोने त्याच वर्षी तिथे प्रयोगशील खेळांची एक बैठक सुरू केली होती, तिच्यात.

म्हणजे बघा, जॅम आणि परिषद या दोन गोष्टी पहिल्यापासून जोडलेल्याच होत्या. भाच्याचं म्हणणं अर्धं खरं निघालं. पण अर्धंच. कारण ते दहा-पंधराजण कोण होते? आधीपासूनच धंद्यात नाव कमावलेले, परिषदेत दरवर्षी भाषणं देणारे. जॅममुळे ते परिषदेत पोचले नव्हते, परिषदेत कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी जॅम केली होती. :)

दाराबाहेरच्यांसाठी सुरू झाली ती 'लुडम डेर'. तीही २००२ मधलीच, एप्रिलमधली. जेफ हाउलंडने सुरू केलेली. पहिल्या वेळी चोवीस तास दिले होते, नंतर अठ्ठेचाळीस झाले. घरबसल्या, जगात कुठूनही, एकट्याने भाग घ्यायचा. पुढे डेन्मार्कमध्ये २००६ साली 'नॉर्डिक गेम जॅम' आली आणि तिच्यावरून प्रेरणा घेऊन २००९ च्या जानेवारीत 'ग्लोबल गेम जॅम'. त्या पहिल्या वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी लोक बसले होते. २०२० साली ११८ देश, ९३४ ठिकाणं आणि ९६०० च्या वर खेळ. आमचं पोरगं बसलं होतं ते याच जत्रेत.

हे आकडे नीट बघा. एका शनिवार-रविवारात ९६०० खेळ! आणि आयजीएफच्या मुख्य पारितोषिकाच्या अंतिम यादीत जागा किती? एका हाताच्या बोटांपेक्षा एखादी जास्त. एरवी या हिशोबावरच विषय संपला असता. पण पोचलेले आहेत हेही खरं, आणि मला बघायचं होतं ते कसे पोचले.

२००५ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी एक उद्योग केला. एकट्याने, सात दिवसांच्या आत, दिलेल्या विषयावर एक खेळ. असे एका सत्रात पन्नासच्या वर खेळ झाले. त्यात काइल गॅब्लरचा 'टॉवर ऑफ गू' होता. चिकट गोळ्यांचा मनोरा रचायचा, बस्स. तो लोकांना आवडला. पुढे गॅब्लरने रॉन कार्मेल या मित्राबरोबर नोकरी सोडून त्याचा मोठा खेळ करायला घेतला, 'वर्ल्ड ऑफ गू'. २००८ च्या आयजीएफमध्ये त्याला दोन पारितोषिकं मिळाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बाजारात आला. सात दिवसांच्या खेळाला परिषदेत उभं राहायला तीन वर्षं लागली.

त्याच २००८ साली सर्वोच्च पारितोषिक, वीस हजार डॉलर, मिळालं ते फिनलंडच्या पेट्री पुरहोला, 'क्रेयॉन फिजिक्स डिलक्स'साठी. खडूने पडद्यावर काढाल ती वस्तू खरी होऊन गडगडायला लागते असा खेळ. मूळ छोटा खेळ त्याने २००७ मध्ये पाच दिवसांत केला होता. भाचा म्हणेल, "बघ, वर्षभरात पोचला!" हो, पण पुरहो त्याआधी दर महिन्याला एक खेळ करून लोकांपुढे ठेवत होता. आपण नाव घेतो ते त्यातल्या एकाचं.

फिनलंडचाच आर्वी तैकारी. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये त्याने 'बाबा इज यू' केला. यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पडद्यावर मांडलेले असतात आणि ठोकळे ढकलून तुम्ही नियम बदलता. जॅम जिंकली आणि पुढच्याच वर्षी आयजीएफमध्ये दोन पारितोषिकं. त्यातलं एक विद्यार्थ्यांसाठीचं, कारण हा पठ्ठ्या विद्यार्थीच होता. पण २०१५ सालीच त्याचा एक अख्खा मोठा खेळ बाहेर आलेला होता. आणि पारितोषिकं मिळाल्यावरही 'बाबा' विकायला आला तो २०१९ च्या मार्चमध्ये.

आणि डॅनियल मलिन्स. डिसेंबर २०१८ च्या लुडम डेरमध्ये विषय होता बळी देण्याचा. त्याने पत्त्यांचा एक छोटा भयाण खेळ केला. त्याचाच पुढे 'इन्स्क्रिप्शन' झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये. २०२२ च्या मार्चमध्ये, महासाथीनंतर परिषद पुन्हा प्रत्यक्ष भरली तेव्हा, त्याला आयजीएफचं सर्वोच्च पारितोषिक आणि जीडीसीच्या पुरस्कारांतला वर्षातला सर्वोत्तम खेळ हा मान, दोन्ही मिळाले. पुन्हा तीनेक वर्षं. आणि हाही काही नवखा नव्हता. त्याचा आधीचा 'पोनी आयलंड' सुद्धा जॅममधूनच उगवलेला.

एका गोष्टीने मात्र मला चकवलं. काही खेळांचं परिषदेची वाट न बघताच भलं झालं. 'सर्जन सिम्युलेटर' हा २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममधला. धांदरट हातांनी हृदयाची शस्त्रक्रिया करायची. लोकांनी तो खेळतानाचे व्हिडिओ टाकले, हसून हसून पुरेवाट झाली आणि एप्रिलमध्ये तो विकायलाही आला. 'सुपरहॉट' त्याच वर्षीचा, सात दिवसांच्या एका जॅममधला, पोलंडचा. पुढच्या वर्षी त्यांनी लोकवर्गणीतून अडीच लाख डॉलर जमवले. म्हणजे परिषद हा एकच दरवाजा नाही.

बरं, जॅम अक्षरशः परिषदेला नेऊन सोडते असंही एक उदाहरण आहे. मला ते भारी आवडलं. २०१४ मध्ये एड्रियल वॉलिक या बाईंनी 'ट्रेन जॅम' सुरू केली. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या झेफर गाडीत बसायचं, बावन्न तासांचा प्रवास, बाहेर रॉकी पर्वत, आत सगळे लॅपटॉप उघडून खेळ बनवतायत, आणि उतरलं की समोर जीडीसी. तिथे हे खेळ मांडायलाही मिळत. आपल्या डेक्कन क्वीनमध्ये पत्त्यांचे डाव रंगतात त्याची आठवण झाली. पण नीट पाहिलं तर याही गाडीत जागा त्यालाच मिळे, जो शिकागोपर्यंत स्वतःच्या पैशाने आणि व्हिसाने पोचे. गाडी शेवटचा टप्पा पार करून देई. पहिला ज्याचा त्याने.

आपल्याकडेही हा पूल बांधायचा प्रयत्न झालाय. नॅसकॉमची गेम डेव्हलपर परिषद काही वर्षं चक्क आपल्या पुण्यात भरत होती, २०१३ ची इथेच झाली. नंतर ती हैदराबादला गेली आणि तिचं नावही बदललं. तिच्या जोडीने 'बिल्ड युअर ओन गेम' नावाची अठ्ठेचाळीस तासांची जॅम होत असे, आणि निवडक विजेत्यांना परिषदेत आपला खेळ मांडायला मिळे. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत 'वेव्हज' परिषद झाली, तिच्यातही जॅमची स्पर्धा होती. हा रस्ता साडेतीन लाखांचा नाही.

तर मला दिसलं ते असं. जॅम माणसाला परिषदेत पोचवत नाही. जॅम एक कल्पना हातात देते आणि ती जिवंत आहे की मेलेली हे दोन दिवसांत सांगते. नोकरी सोडून वर्षभर घालवल्यावर हे कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात. शिवाय उपाशीपोटी, झोपेशिवाय आपण कुणाबरोबर काम करू शकतो तेही कळतं. पुरुषोत्तम करंडकात एकांकिका बसवणाऱ्या पोरांना विचारा, करंडकापेक्षा ती टोळी पुढे जास्त पुरते. परिषदेत पोचवतात ती नंतरची वर्षं, ज्यांचे फोटो कुणी काढत नाही.

रविवारी भाच्याला हे सगळं ऐकवलं. (ताई, मी ओरडले नाही.) त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, तू पोचलेल्यांचीच यादी काढलीस. ती तीन वर्षं त्यांनी कशाच्या जोरावर काढली? कुणाचे ओळखीचे लोक होते, कुणाच्या देशात सरकार मदत करतं. मला इथे बसून कोण ओळखणार? तिथे गेल्याशिवाय माणसं भेटणार कशी?"

खरं सांगते, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या कहाण्यांत ती माणसं कुठे राहत होती याचाही हात आहेच. पिट्सबर्ग, हेलसिंकी, लंडन. त्या यादीत पुणे नाही. पुण्याच्या 'राजी'ने २०२० मध्ये जगभर नाव काढलं, पण ती वाट जॅमची नव्हती.

शेवटी आमचं ठरलं ते असं. आत्ता साडेतीन लाख नाहीत. वर्षभर शनिवार-रविवार तिघांनी हाच खेळ पुढे न्यायचा. आपल्याकडच्या परिषदेला जायचा खर्च माझा, आयजीएफला खेळ पाठवायची फीसुद्धा माझी. तिथे अंतिम यादीत आला तर पास त्यांचेच देतात, मग विमानाचं तिकीट मी काढेन, उसनं नाही, असंच. आणि नाही आला, पण वर्षाअखेरीस खेळ पूर्ण असला, तर पुन्हा बोलायचं. तो थोडा घुश्शात होता. जाताना मात्र लॅपटॉप उघडून मला खेळ दाखवला. एक म्हातारी असते, तिला अंधारात घराकडे न्यायचं. मी तिसऱ्या वळणावर तिला विहिरीत पाडलं. "बघ," तो म्हणाला, "इथे सगळेच पडतात. ते दुरुस्त करायचंय." आणि रात्री साडेअकरापर्यंत माझ्याच डायनिंग टेबलावर बसून दुरुस्त करत राहिला.

माझा निर्णय बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही. तुमच्यापैकी कुणाची मुलं या भानगडीत असतील तर जरूर सांगा, तुम्ही काय केलंत.

तूर्तास इतकंच.

ता.क. - आमटीचं भांडं अजून घासायचं राहिलंय.