पीतनदीचा धडा

बापाने पाणी अडवले, मुलाने त्याला वाट करून दिली. चीनची एक अतिप्राचीन कथा ही अशी आहे. महापूर आला तेव्हा गुनने नऊ वर्षे बांध घातले. पाण्याने ते फोडले. त्याचा मुलगा यू याने गाळ उपसला, चर खोदले आणि पाणी समुद्राकडे नेले. तेरा वर्षांत तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, पण आत पाऊल टाकले नाही, असे परंपरा सांगते. शिया या पहिल्या राजघराण्याचा मूळपुरुष तोच. ही दंतकथाच, यूचा समकालीन लेखी पुरावा नाही. पण ज्या समाजाने चिखलात राबणाऱ्याला आदर्श राजा मानले, त्याला कशाची धास्ती होती हे तिच्यातून कळते.

ही धास्ती मातीतूनच आली होती. सुमारे ५,४६४ किलोमीटर लांबीची ह्वांग हो, म्हणजे पीतनदी, तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळ्या मातीच्या प्रदेशातून वाहते. ही माती भुसभुशीत. लाकडी-दगडी अवजारांनीही ती उकरता येई. राळा, वरी यांसारखी धान्ये तिच्यात पिकली आणि सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बान्पोसारखी खेडी वसली. दक्षिणेत, यांगत्झेच्या खालच्या अंगाला, दलदलीत खांबांवर घरे बांधून हेमुदूचे लोक भात पिकवत होते. चिनी संस्कृती एकाच नदीची लेक नव्हे.

पण उत्तरेतली पोसणारी मातीच पुढे नदीचे पात्र भरून टाकते. विसाव्या शतकाच्या मध्यास पीतनदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत होती. सपाटीवर प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, पात्र उंचावते. माणसे बांध वाढवतात, पात्र आणखी वर येते. एक दिवस बांध फुटतो आणि नदी नवीच वाट धरते.

असा बांध एका गावाच्या आवाक्यातला नव्हे. त्याला हजारो हात लागतात, धान्याचे कोठार लागते, हुकूम देणारा लागतो. राज्यसत्ता केवळ नदीने घडवली असे म्हणता येणार नाही. शांग राजांचे बळ कांस्य, युद्ध आणि पूर्वजपूजा यांतही होते. तरीही पाणी हाताळणाऱ्याच्या हाती सत्ता एकवटत गेली. इतिहासकार सु-मा छ्येन सांगतो, की छिन राज्याने खर्चात बुडावे म्हणून शेजारच्या हान राज्याने झेंग ग्वो नावाचा जलतज्ज्ञ तिकडे पाठवला. इ. स. पूर्व २४६ मध्ये कालव्याचे काम सुरू झाले. डाव उघडकीस आला, पण काम थांबले नाही. कालव्याने छिनची कोठारे भरली, आणि इ. स. पूर्व २२१ पर्यंत त्याने हानसह सारी राज्ये जिंकली.

पाणी हे शस्त्र होऊ शकते, हे त्या लोकांना आधीच उमगले होते. इ. स. पूर्व ६५१ मध्ये क्वेइछ्यू येथे जमलेल्या सरदारांनी करार केला, असे मेन्शियसच्या ग्रंथात आहे. शेजाऱ्याचे नुकसान होईल असे बांध घालू नयेत आणि धान्याची विक्री रोखू नये, ही त्यातली कलमे.

१९३८ मध्ये जपानी सैन्याला रोखण्यासाठी चीनच्याच सरकारने हुआयुआनकोउ येथे पीतनदीचा बांध फोडला. काही लाख माणसे प्राणास मुकली, असा अंदाज आहे. ती बहुतेक चीनचीच शेतकरी माणसे होती. यूची कथा त्यांनीही लहानपणी ऐकलेली असणार.