मुंबई ते लंडन : एका अंतराचा इतिहास

मुंबईहून लंडन किती दूर, या प्रश्नाचें उत्तर भूगोलाचें पुस्तक एका ओळींत देईल : सरळ हवाई रेषेनें सुमारें ७,२०० किलोमीटर. परंतु अंतर केवळ लांबीनें मोजून भागत नाहीं. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर किती दिवसांनीं हातीं येतें, यावरूनही तें मोजलें पाहिजे. या दुसऱ्या मापाची झळ आपल्या इतिहासासही लागलेली आहे.

१७७५ च्या मार्चमध्यें मुंबईकर इंग्रजांनीं राघोबादादांशीं सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठांस तो रुचला नाहीं. त्यांनीं आपला वकील धाडून १ मार्च १७७६ रोजीं पुण्याच्या कारभाऱ्यांशीं पुरंदरचा तह केला. त्यानंतर लंडनच्या डायरेक्टरांचें पत्र येऊन पोहोंचलें, आणि त्यांत मान्यता होती ती सुरतेच्या तहास ! आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजांस कित्येक महिने लागत. आज्ञा येईतों प्रसंगच पालटून जाई. त्या पत्राचा मुंबईकरांस आधार झाला, पुरंदरचा तह ढिला पडला आणि युद्ध पुन्हां पेटलें. सारा दोष अंतरावर घालणें न्याय्य नव्हे, महत्त्वाकांक्षेचा वांटा मोठा होता. पण अंतरानें तिला मोकळें रान दिलें, हें खरें.

१८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला व जलमार्ग चार हजारांहून अधिक मैलांनीं तुटला. पुढल्याच वर्षीं समुद्रतळींच्या तारेनें मुंबई व लंडन जोडलीं गेलीं. निरोप धांवूं लागला. माणूस मात्र अजून आठवडे मोजीत होता.

१९२९ मध्यें इंपीरियल एअरवेजनें लंडन-कराची हवाई सेवा सुरू केली. वाटेंतला कांहीं टप्पा आगगाडीनें तोडावा लागे, तरी प्रवास सात दिवसांवर आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा करीत १० जूनला लंडनला पोहोंचलें.

या वेगाचें मोलही द्यावें लागलें. हेंच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजीं आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर आदळलें व ४८ जण दगावले. २४ जानेवारी १९६६ रोजीं त्याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ विमान कोसळलें. ११७ बळींत डॉ. होमी भाभा होते.

आज हा प्रवास न थांबतां नऊ-दहा तासांत होतो. परततांना वेळ त्याहून कमी लागतो. कारण उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. उत्तर तर क्षणांत येतें. पुरंदरच्या वेळीं उशिरा आलेल्या पत्राकडे बोट दाखवितां येत होतें; आतां आपल्या चुकांचें खापर अंतराच्या माथीं फोडण्याची सोय उरलेली नाहीं.