गिटार अ‍ॅम्पचे तीन बिघाड: दोन ऐकू आले, एक नाही

आज सॉफ्टवेअर नाही, हार्डवेअर. आणि तेही सत्तर वर्षांपूर्वीचं. गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे आपल्या आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा चुलतभाऊ. बटण दाबलं की लगेच बोलत नाही, आधी काचेच्या नळ्या तापाव्या लागतात. या यंत्राच्या इतिहासातले तीन बिघाड आज बघूया. एक गाजलं, दुसऱ्यातून प्रॉडक्ट निघालं आणि तिसऱ्यानं माणूस मेला.

पहिला बिघाड. मार्च १९५१, अमेरिकेतलं मेम्फिस. आईक टर्नरचा बँड मिसिसिपीहून सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' रेकॉर्ड करायला आला. गिटारिस्ट विली किझार्टचा अ‍ॅम्प वाटेतच खराब झाला होता. कोणी म्हणतं गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. निष्पन्न एकच, स्पीकरचा कोन फाटला. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सनं फाटलेल्या जागी कागद कोंबला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. गिटारचा आवाज घोगरा, खरखरीत आला. त्यानं तो लपवला नाही, उलट पुढे आणला. गाणं अमेरिकेच्या आर अँड बी चार्टवर पहिल्या नंबरला गेलं. आज बरेच जण त्याला पहिलं रॉक अँड रोल रेकॉर्ड म्हणतात. त्यावर वाद आहेत, पण त्या खरखरीबद्दल वाद नाही.

आता इथे एक प्रश्न. आवाज फाटलाय, पण नेमकं फाटलंय काय? कारण ट्यूबसुद्धा आवाज फाडते. गिटारमधून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो. ट्यूब त्याच्या इशाऱ्यावर मोठा करंट कमी-जास्त करते. पण तिची एक मर्यादा असते. सिग्नल त्याहून मोठा झाला की लाटेचा वरचा भाग सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. म्हणजे आवाज तसाच फाटलेला, पण कारण वेगळं. मग ओळखायचं कसं?

याचं उत्तर रेडिओ मेकॅनिकांनी आधीच शोधून ठेवलं होतं. जॉन रायडर नावाच्या अमेरिकन लेखकानं १९३९ मध्ये 'सर्व्हिसिंग बाय सिग्नल ट्रेसिंग' हे पुस्तक काढलं. कल्पना साधी आहे. प्रत्येक पार्ट तपासत बसू नका, सिग्नलच्या मागे मागे जा. गिटार, प्रीअ‍ॅम्प ट्यूब, पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर. ज्या टप्प्याआधी सिग्नल चांगला आणि नंतर वाईट, बिघाड तिथेच. कोड लिहिणाऱ्यांनो, ओळखलंत ना? हे आपलं 'गिट बायसेक्ट'. गिट यायच्या ६६ वर्षं आधीचं!

नुसत्या कानानंही बरंच कळतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. अ‍ॅम्पमध्ये ६० हर्ट्झची खोल घूं ऐकू आली तर संशय वायरिंग, केबल किंवा ट्यूबच्या हीटरवर. १२० हर्ट्झची, जरा वरच्या पट्टीतली घरघर असेल तर बहुतेक पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. कारण एसीचं डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून आकडा दुप्पट. आपल्याकडे हेच आकडे ५० आणि १००. ट्यूबला पेन्सिलीनं हळूच टिचकी मारली आणि स्पीकरमधून टणटण आली, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीय, बदला.

दुसरा बिघाड नॅशव्हिलचा. मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बासवर सोलो वाजवत होता आणि त्याचा आवाज अचानक माशी घोंगावल्यासारखा झाला. अ‍ॅम्प बरा होता. दोष होता मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलमध्ये, तिथला ट्रान्सफॉर्मर गेला होता. सोलो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं कंट्री चार्टवर पहिलं आलं. पण खरी गंमत पुढे. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीनं त्या बिघाडाचा अभ्यास केला आणि तोच आवाज ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम बनवला. १९६२ मध्ये तो 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाच्या पेडलमधून बाजारात आला. १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन'मधली रोलिंग स्टोन्सची ती सुरुवातीची गिटार त्याच पेडलची. बग रिप्रोड्यूस झाला, डॉक्युमेंट झाला आणि फीचर म्हणून विकला गेला!

तिसरा बिघाड मात्र फीचर होऊ शकत नाही. ३ मे १९७२, वेल्समधलं स्वॉन्सी. 'स्टोन द क्रोज' बँडचा स्कॉटिश गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर होता. वय २७. त्यानं अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावला आणि तिथेच शॉक लागून गेला.

हे होतं कसं? गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या चासीला जोडलेल्या असतात. माइक दुसऱ्या सिस्टीमच्या चासीला. दोन्हींपैकी एकीला अर्थिंग नसेल आणि तिथे लाइव्ह व्होल्टेज उतरलं, तर मध्ये उभा असलेला माणूसच वायर बनतो. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पना तर दोन पिनांचा प्लग असायचा आणि मेन्स ते चासी असा एक कपॅसिटर लावलेला असायचा, घूं कमी करायला. तो शॉर्ट झाला की अख्खी चासी लाइव्ह. मेकॅनिक त्याला 'डेथ कॅप' म्हणतात ते उगाच नाही. जुना अ‍ॅम्प हातात आला की चांगला टेक्निशियन आधी तो काढतो आणि तीन पिनांची वायर लावतो.

आता फरक लक्षात घ्या. पहिले दोन बिघाड ऐकू आले, म्हणून कोणीतरी थांबून ठरवू शकलं की हे ठेवायचं की दुरुस्त करायचं. तिसरा ऐकूच येत नाही. अ‍ॅम्प मस्त वाजत असतो. सिग्नल ट्रेस करून तो सापडत नाही, कारण सिग्नलला काही झालेलंच नसतं.

म्हणून गॅदरिंगला किंवा गणपतीच्या मंडपात माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर 'चालतंय रे' म्हणू नका. तो अर्थिंगचा रिपोर्ट आहे. वाजवणं थांबवा, वायरमनला बोलवा. अर्थ पिन तोडून प्लग कधीच घुसवू नका. आणि हो, हे ऐकून ट्यूब अ‍ॅम्प उघडायला बसू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात.

आवाज फाटला तर फाटू द्या, कदाचित गाणं हिट होईल. अर्थिंग मात्र आधी बघा. 'रॉकेट ८८' आणि 'डोन्ट वरी' हेडफोन लावून ऐका आणि दोन्हींमधली खरखर कशी वेगळी वाटते ते आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!