आंबवलेले वनस्पतिजन्य मत्स्यखाद्य

गोड्या पाण्यातील संवर्धित माशांसाठी पेंड, कोंडा, सोयाबीन असे घटक सूक्ष्मजीवांकडून आंबवून तयार केलेले खाद्य. भारतीय तळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांना भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड पूर्वापार घातली जाते. मग आंबवण्याचा खटाटोप कशाला? कारण या कार्प माशांना आम्ल स्रवणारे जठरच नसते आणि फायटेट फोडणारे विकरही पुरेसे नसते. कोंड्यातील फायटेटमध्ये अडकलेला बराचसा फॉस्फरस त्यामुळे विष्ठेवाटे पाण्यात जातो व शेवाळ माजते. बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस, यीस्ट यांसारखे सूक्ष्मजीव हे पचनाचे काम आधीच, बाहेरच्या बाहेर बऱ्याच अंशी उरकतात (इडलीचे पीठ आंबवणाऱ्यांना यात नवल वाटू नये). नुसते शिजवून भागेल, हा आक्षेप अर्धाच खरा: उष्णतेने सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक निष्प्रभ होतो, फायटेट मात्र बहुतांशी टिकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आंबवल्याने सोयाबीनमधील मेथिओनिनची उणीव पुरती भरून निघत नाही, आणि बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतले अफ्लाटॉक्सिन हमखास नाहीसे होत नाही. म्हणून प्रथिनांसाठी खाद्यात घातली जाणारी मासळीची कुटी सरसकट वगळण्यापेक्षा तिचे प्रमाण घटवण्यासाठीच ही पद्धत वापरणे योग्य. आंबवलेला ओला माल लवकर नासतो. साठवायचा तर वाळवावा लागतो.