दिल्लीची वाट आणि घरची बेगमी

दिल्ली आणि पानिपत यांमधील अंतर सुमारे नव्वद किलोमीटरांचे. आज ही दोन्ही नगरे राजधानी परिक्षेत्रात मोडतात. १७६०च्या हिवाळ्यात मात्र एवढीशी वाट मराठी फौजेच्या जिवावर उठली. पानिपतची कथा आपण तलवारीची आणि तोफांची म्हणून ऐकतो. ती तितकीच दाणावैरणीचीही आहे.

ऑगस्ट १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हाच छावणीत पैशाची व धान्याची ओढ लागली होती. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून रुपये पाडावे लागले, ते या ओढीपायीच. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडला आणि तेथील धान्याने काही दिवस दिलासा मिळाला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. दिल्लीत नारो शंकर होता. तेथून द्रव्य घेऊन निघालेली एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून शत्रूच्याच गोटात शिरली आणि कापली गेली. दोन दिवस पोटात अन्न नाही, असे सरदारांनी शेवटी भाऊंना सांगितल्याचे काशीराज पंडिताने नोंदविले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज रणात उतरली, ती उपाशीपोटी.

साठा असणे वेगळे आणि तो हाताशी असणे वेगळे, हा यातील बोध होय. रामचंद्रपंत अमात्यांनी तो आधीच ओळखला होता. आज्ञापत्रात त्यांनी बजावले आहे की, गडावर जिवंत झरा असला तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, टाकी बांधून पाणी राखावे. कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. संकट आले की नेहमीचा झराच प्रथम दगा देतो, असे हे शहाणपण आहे.

दिल्लीने त्याचा प्रत्यय अलीकडेच घेतला. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरांवर गेली, १९७८चा २०७.४९ मीटरांचा उच्चांक मागे पडला. रस्त्यांवर पाणीच पाणी झाले, आणि नेमके त्याच दिवशी वझिराबाद, चंद्रावळ व ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद ठेवावी लागली. पूर दारात, पण नळ कोरडा!

भूकंप तर एवढीही सूचना देत नाही. १ सप्टेंबर १८०३च्या भूकंपात कुतुबमिनाराचा कळस ढासळला. त्यानंतर दहाच दिवसांनी, ११ सप्टेंबरला, पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. एका संकटाने दुसऱ्यासाठी थांबावे, असा काही नियम नाही.

म्हणून घरची बेगमी दोन प्रकारची हवी. घरातच अडकून पडलो तर माणशी रोज चार लिटर, असे तीन दिवसांचे पाणी साठवावे. पाच माणसांच्या घराला ते साठ लिटर होते. सोबत चुलीवाचून खाता येईल असे फुटाणे, गूळ, सातूचे पीठ असावे. घर सोडावे लागले तर साठ लिटर कोण उचलणार? त्यासाठी दाराजवळ एक हलकी पिशवी असावी: बाटलीभर पाणी, नित्याची औषधे, मलमपट्टी, विजेरी, सेलवर चालणारा रेडिओ, शिट्टी, थोडी रोकड आणि मेणकापडात गुंडाळलेल्या कागदपत्रांच्या प्रती. ही पिशवी घरातल्या लहानथोर सर्वांना ठाऊक हवी, आणि दर सहा महिन्यांनी तिच्यातले जिन्नस बदलले जावेत.

आपल्या आज्यांनी आगोटीची बेगमी केली, ती पाऊस येणारच हे जाणून. त्यात भीतीचा भाग नव्हता. दाराजवळची पिशवी हे त्याच गृहकृत्याचे पुढचे पाऊल आहे. भाऊंच्या फौजेला बंद झालेली वाट उघडता आली नाही. आपली वाट अजून मोकळी आहे, तोवर हे सामान घरात आणून ठेवावे.